हेडफोन अ‍ॅम्पला बॅटरी कुठली टाकायची: खान्देशच्या उन्हाचा हिशोब धरून

घरी सीमॉय, म्हणजे छोट्या डबीत मावणारा बॅटरीवरचा हेडफोन अ‍ॅम्प बनवणाऱ्यांचं एक ठरलेलं असतं, ऑपअ‍ॅम्प (आवाज वाढवणारी चिप) कुठला लावायचा यावर आठवडाभर डोकं खपवतात, कपॅसिटर ऑनलाइन मागवतात, डबी शोधायला अख्खं मार्केट पालथं घालतात, आणि बॅटरी मात्र जाता जाता कोपऱ्यावरून घेतात, जी मिळेल ती नऊ व्होल्टवाली. दुकानदारही बिचारा काय सांगणार, "बॅटरी ते बॅटरी शे ना भो, तेन्हामा काय देखनं!" म्हणून काउंटरवर टाकतो. मग चार दिवसांनी ढोल वाजला की आवाज फाटतो आणि शिव्या बसतात ऑपअ‍ॅम्पला.

तर आधी कोड वाचायला शिका. जळगावच्या गोलाणी मार्केटात जा नाहीतर धुळ्याच्या आग्रा रोडवर, नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी म्हटलं की पहिल्यांदा हातात पडते ती ६एफ२२. ही कार्बन-झिंकवाली, आत चपटे सहा सेल एकावर एक रचलेले. मल्टिमीटरला, भिंतीवरच्या घड्याळाच्या जातीच्या कामांना, म्हणजे जिथे करंट नावालाच लागतो तिथे ती ठीक आहे. अल्कलाइनवर ६एलआर६१ किंवा ६एलएफ२२ असं लिहिलेलं असतं, त्यातल्या ६एलआर६१ मध्ये सहा बारीक लांबट सेल असतात, आणि किंमत कार्बनच्या कैक पट. दोन्ही नव्या असताना मीटर लावलं तर दोन्ही ९ च्या वरच दाखवणार, म्हणून लोक फसतात. फरक आहे आतल्या रोधात. अल्कलाइनचा अंतर्गत रोध साधारण दोन ओहमच्या आसपास असतो, कार्बनचा तीस-पस्तीसपर्यंत जातो. म्हणजे टाकी दोघींची भरलेली, पण एकीची तोटी बारीक. ढोलाचा ठोका आला, अ‍ॅम्पने एकदम करंट मागितला, की कार्बनवाली मान टाकते.

हे दुकानातच तपासता येतं. खिशात २२० ओहमचा अर्ध्या वॅटचा एक रेझिस्टर ठेवा, एक-दीड रुपयाची वस्तू आहे. मीटर डीसी व्होल्टवर टाकून आधी बॅटरी मोकळी मोजा, मग त्याच टोकांना रेझिस्टर धरून चार-पाच सेकंद मोजा. यात साधारण ४० मिलीअँप करंट जातो, म्हणजे मोठ्याने गाणं ऐकताना ठोक्याला अ‍ॅम्प जेवढा मागेल त्याच्या जवळपास. चांगली अल्कलाइन जेमतेम एक दशांश व्होल्ट खाली येते. कार्बनवाली एक-सव्वा व्होल्ट सहज खाली बसते, आणि जुना माल असेल तर काटा, म्हणजे आकडा, तुमच्या डोळ्यांदेखत उतरत राहतो. दुकानदार जरा विचित्र बघेल, बघू द्या. पाकिटावरची तारीख पण बघा, कारण आपल्याकडे पत्र्याच्या दुकानात एप्रिल-मे काढलेला माल हा तारखेपेक्षा जास्त म्हातारा झालेला असतो.

आता मुख्य प्रश्न, तुमच्या हेडफोनला हवं काय, व्होल्ट की करंट? हे कळल्याशिवाय बॅटरी निवडूच नका. एका नऊ व्होल्टच्या बॅटरीवर सीमॉय चालतो तेव्हा व्हर्च्युअल ग्राउंड, म्हणजे शून्य धरलेला बिंदू, बॅटरीच्या बरोबर मध्ये येतं आणि ऑपअ‍ॅम्पला मिळतात ±४.५ व्होल्ट. ऑपअ‍ॅम्प काही अगदी टोकापर्यंत जात नाही, दोन्हीकडे दीडेक व्होल्ट स्वतःच खातो, उरतात ३ व्होल्ट पीक (लाटेचं टोक), म्हणजे सुमारे २.१ व्होल्ट आरएमएस (त्याच लाटेचा परिणामी व्होल्ट). आता ३२ ओहमचा साधा हेडफोन घ्या ज्याची सेन्सिटिव्हिटी (किती विजेत किती आवाज) १०० डीबी प्रति मिलीवॅट आहे, त्याला ते १०० डीबी काढायला लागतो फक्त ०.१८ व्होल्ट. हो, फक्त तेवढाच. त्याला व्होल्टची कमी कधीच पडणार नाही, त्याला पाहिजे दमदार करंट, म्हणजे कमी अंतर्गत रोधाची बॅटरी. याउलट सेनहायझर एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा हेडफोन असेल तर तो एका व्होल्टला ९७ डीबी देतो, २.१ व्होल्टला झाले साधारण १०३, आणि तिथे भिंत. त्याला करंट चिमूटभर लागतो पण व्होल्ट जितके द्याल तितके कमी. अशा हेडफोनवाल्याने दोन बॅटऱ्यांचा किंवा आठ सेलचा विचार करावा, ३२ ओहमवाल्याने उगाच दोन बॅटऱ्यांचं वजन खिशात वागवू नये.

याच हिशोबातून अजून एक गोष्ट निघते. लोक रिचार्जेबल घ्यायला घाबरतात, का तर "त्यात ९ व्होल्ट नसतात, ८.४ च असतात". अरे पण ८.४ वर वरचाच हिशोब करा, ४.२ मधून दीड गेला, २.७ पीक, १.९ आरएमएस. २.१ आणि १.९ मध्ये फरक एका डीबीपेक्षा कमी, कानाला कळणारही नाही. ७.२ वाली घेतली तर १.५ आरएमएस, म्हणजे तीन डीबी कमी, हे मात्र ३०० ओहमवर जाणवतं.

किती तास चालेल हा प्रश्न सगळे विचारतात, त्याचं उत्तर तुमच्या बोर्डवर आहे, बॅटरीच्या पाकिटावर नाही. ओपीए२१३४ लावला असेल तर दोन्ही चॅनल मिळून नुसता बसून ८ मिलीअँपच्या आसपास खातो, एनई५५३२ पण तेवढाच, टीएल०७२ तीनच्या आत राहतो (पण ३२ ओहम हाकायला तो कमजोर, त्यामुळे फक्त बॅटरी वाचवायला तो लावू नका). व्हर्च्युअल ग्राउंडचे दोन ४.७ के (किलोओहम) रेझिस्टर असतील तर एक मिलीअँप तिकडे. आणि मग एलईडी! बऱ्याच बोर्डवर एलईडीला एक के लावलेला असतो, ९ मधून एलईडीचे २ गेले, राहिले ७, म्हणजे ७ मिलीअँप नुसता लाल दिवा पेटवायला, जवळजवळ अख्ख्या ऑपअ‍ॅम्पएवढा. तो एक के काढून १० के टाका. दिवा थोडा मंद होतो, अंधारात तर तोच बरा, आणि खर्च येतो ०.७ वर. बॅटरी बदलण्याच्या आधी हे करा, फुकटातला फायदा आहे. संगीत वाजताना हेडफोनचा करंट वरून येतो, तो धरून सगळं मिळून १५ मिलीअँप मानू. अल्कलाइनमध्ये ५०० एमएएच धरले तर तीसेक तास. ८.४ ची रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड २०० एमएएचची असेल तर बारा-तेरा तास. कार्बनच्या पाकिटावर काहीही लिहू द्या, तिचे तास मोजण्यात अर्थ नाही कारण संपण्याच्या कितीतरी आधीच आवाज बसतो.

एक लिथियमची न चार्ज होणारी नऊ व्होल्टवाली पण येते, धूर सूचकांसाठी बनवलेली, १२०० एमएएच. आकडा बघून हात शिवशिवतात, मात्र तिचा अंतर्गत रोध अल्कलाइनपेक्षा बराच जास्त असतो आणि किंमतही तशीच, त्यामुळे ३०० ओहमवाल्याला एकवेळ चालेल, बाकीच्यांनी सोडून द्या. आणि ती चार्जरला लावायची नाही, अजिबात.

माझं मत विचाराल तर रोज ऐकणाऱ्याने निकेल-मेटल हायड्राइडच घ्यावी, म्हणजे ज्याला आपण एनआयएमएच म्हणतो ती. पण तीही डोळे झाकून नाही. नऊ व्होल्टच्या आकारात ती तीन प्रकारात मिळते, सहा सेलची ७.२, सात सेलची ८.४ आणि आठ सेलची ९.६, आणि तिन्हीवर मोठ्या अक्षरात "९ व्ही" छापलेलं असतं. बारीक अक्षर वाचा. सात सेलची घ्या, ती सगळ्यांत सोपी पडते, चार्जर सहज मिळतात. ९.६ वाली जास्त आवाज देते पण सात सेलसाठी बनवलेला चार्जर तिला पूर्ण भरेलच असं नाही, कारण भरत आलेल्या प्रत्येक सेलला १.४५ च्या आसपास व्होल्ट लागतात, सातला दहाच्या वर, आठला साडेअकरा-पावणेबारा.

दुसरं म्हणजे पाकिटावर लो सेल्फ-डिस्चार्ज लिहिलंय का ते बघा. साधी एनआयएमएच नुसती पडून महिन्याला वीस-तीस टक्के उतरते, आणि हे थंड हवेतलं गणित आहे, आपल्या मे महिन्यात ४५ डिग्रीच्या खोलीत ती त्याहून भराभर उतरते. तुम्ही रविवारी चार्ज करून ठेवली, पंधरा दिवसांनी भुसावळ-सुरत पॅसेंजरमध्ये बसून बाहेर काढली, तर वाटेतच राम म्हणू शकते. सॅन्योने २००५ मध्ये एनेलूप काढली तेव्हापासून हा कमी उतरणारा प्रकार सगळ्यांना माहीत झाला, आता बऱ्याच कंपन्यांचा मिळतो. नऊ व्होल्टच्या आकारात तो शोधावा लागतो, दुहेरी ए म्हणजे पेन्सिल सेलमध्ये सहज मिळतो.

म्हणूनच जागा असेल तर मी म्हणेन की सरळ सहा पेन्सिल सेलचा होल्डर बसवा. डबी मोठी होते, खिशात मावत नाही, हे मान्य. पण बघा, सहा एनआयएमएच म्हणजे ७.२ व्होल्ट आणि २००० एमएएच, तोच १५ मिलीअँपचा अ‍ॅम्प त्यावर सव्वाशे तासांच्या वर चालतो, अंतर्गत रोध चौकोनी बॅटरीच्या मानाने किरकोळ, आणि एखादा सेल मेला तर तेवढाच बदलता येतो. गाडीत अडकलात आणि चार्ज संपला तर स्टेशनवरच्या टपरीत पेन्सिल सेल मिळतो, अल्कलाइन सहा टाकले की पुन्हा ९ व्होल्ट. ३०० ओहमवाल्याने आठचा होल्डर घ्यावा, ९.६ होतात. जुने-नवे, वेगवेगळ्या कंपनीचे, अर्धे भरलेले असे सेल एकत्र कोंबू नका, सगळ्यांत कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्याच्यातून करंट ढकलतच राहतात, त्याचे प्लस-मायनस उलटे होतात आणि त्यातच त्याचा जीव जातो.

इथे एक गोम आहे. ओपीए२१३४ पाच व्होल्टपर्यंत चालत राहतो. म्हणजे बॅटरी कधीच संपलेली असते तरी हळू आवाजात गाणं वाजत राहतं आणि तुम्हाला वाटतं अजून आहे की. अल्कलाइनला याने काही होत नाही, उलट शेवटचा थेंब वापरला जातो. एनआयएमएच मात्र अशीच मरते. सेलमागे एक व्होल्ट हा थांबा धरा, सात सेलला ७, सहाला ६, आठला ८. अ‍ॅम्प चालू असताना मीटर लावून तेवढं दिसलं की बंद करून चार्जला. ज्याला रोज मीटर लावायचा कंटाळा त्याने एलईडीला सिरीजमध्ये झेनर (ठरलेल्या व्होल्टच्या वरच करंट सोडणारा डायोड) टाकावा, व्होल्ट खाली आले की दिवा आपोआप मावळतो. सात सेलला ५.१ चा झेनर आणि लाल एलईडी ही जोडी साधारण बरोबर बसते, आणि आता रेझिस्टरवर व्होल्टच कमी उरतात म्हणून इथे १० के नको, दीड-दोन के लागेल.

चार्जिंग सावकाश करा. २०० एमएएचच्या बॅटरीला २० मिलीअँपने चौदा-पंधरा तास. स्वस्तातले चार्जर आपोआप थांबत नाहीत, ते भरत राहतात आणि बॅटरी तापत राहते, म्हणून घड्याळ लावा. बॅटरीला हात लावून बघा, कोमट ठीक, चटका बसला तर काढा. शेतातल्या घरात राहत असाल आणि लाइट पाळीपाळीने येत असेल तर मध्येच तुटलेल्या चार्जिंगचे तास लिहून ठेवलेले बरे, नाहीतर लाइट आली की पुन्हा पहिल्यापासून चौदा तास असं होतं आणि बॅटरी शिजते.

आता लिथियम-आयन. यूएसबीचं भोक असलेल्या नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या सध्या सगळीकडे दिसतात. त्यात दोन जाती आहेत आणि पाकिटावर कुठेच लिहिलेलं नसतं. एकात दोन छोटे सेल सरळ सिरीजमध्ये असतात, दुसरीत एकच सेल आणि त्याला बूस्ट कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्ट वाढवणारं सर्किट. ओळखायचं कसं, पूर्ण चार्ज करून मीटर लावा. ८.४ च्या जवळपास दाखवलं आणि वापरल्यावर हळूहळू उतरत गेलं तर ती सरळवाली, तुमच्या कामाची. कायम ९.० च्या आसपास ठोकळ्यासारखं दाखवत असेल तर आत कन्व्हर्टर आहे. कन्व्हर्टर म्हणजे स्विचिंग, आणि हेडफोन अ‍ॅम्पमध्ये तो बारीक शिट्टी किंवा सरसर म्हणून ऐकू येऊ शकतो, विशेषतः इन-इअर लावले की. शिवाय संपताना सांगत नाही, गाण्याच्या मध्येच फट्‌कन बंद.

१८६५० (लॅपटॉपच्या बॅटरीत असायचे तसले गोल लिथियम-आयन) सेल दोन सिरीजमध्ये लावणं हा सगळ्यांत ताकदीचा उपाय, ७.४ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ८.४, आणि अंतर्गत रोध इतका कमी की ऑपअ‍ॅम्पच आधी हात टेकतो. पण ज्याला हे नवीन आहे त्याने यात पडू नये असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. प्रोटेक्शन सर्किटशिवाय लावायचे नाहीत, बॅलन्स करणारा, म्हणजे दोन्ही सेल सारखे भरणारा, दोन सेलचा बोर्ड लागतो, टीपी४०५६ हा एकाच सेलचा चार्जर आहे, तो सिरीजच्या दोन टोकांना लावून चालत नाही. आणि बाजारात ९९०० एमएएच छापलेले १८६५० दिसतील, त्यांना हात लावू नका, चांगल्या कंपनीचा नेहमीचा सेल २५०० ते ३५०० मध्ये असतो आणि वजन पंचेचाळीस-पन्नास ग्रॅमच्या आसपास. किराणा दुकानाच्या वजनकाट्यावर ठेवला तरी लबाडी कळते.

आणि ऊन. लिथियम-आयन सेलच्या डेटाशीटमध्ये चार्जिंगची वरची मर्यादा बहुतेक ४५ डिग्री दिलेली असते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात बाहेरची हवाच तेवढी असते, पत्र्याखाली तर विचारू नका. म्हणजे दुपारी दोनला टेबलावर चार्जला लावलेला सेल चार्जर चालू करायच्या आधीच मर्यादेवर बसलेला. पहाटे लावा, चार-पाचला, हवा सगळ्यांत थंड तेव्हाच असते. रात्री धाब्यावर, म्हणजे घराच्या छतावर, झोपायला गेलात तर अ‍ॅम्प धाब्यावर टेकवू नका, दिवसभर तापलेलं धाबं मध्यरात्रीपर्यंत आग ओकतं, उशीवर ठेवा. मोटरसायकलच्या डिकीत कुठलीच बॅटरी नाही. उन्हाळाभर वापरणार नसाल तर लिथियमवाली अर्धी भरून, म्हणजे सेलमागे ३.७-३.८ व्होल्टवर, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा, पूर्ण भरलेली गरमीत ठेवली तर ती लवकर म्हातारी होते आणि पाऊचवाली असेल तर फुगते. फुगलेली दाबून बघायची नाही, काढून टाका.

पॉवर बँकवर का नाही चालत, हे विचारणारे बरेच असतात. एकतर ५ व्होल्टवर अ‍ॅम्पला ±२.५ मिळतात, ३०० ओहमवर त्यात वाजणार काय. दुसरं, १५ मिलीअँपचा लोड बऱ्याच पॉवर बँकना लोड वाटतच नाही, अर्ध्या मिनिटात त्या झोपून जातात. तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं, सीमॉयमध्ये हेडफोनचं ग्राउंड हे बॅटरीचं निगेटिव्ह नसतं, मधलं व्हर्च्युअल असतं. एकाच पॉवर बँकेवर फोन पण चार्ज होतोय आणि अ‍ॅम्प पण चालतोय आणि दोघांमध्ये ऑडिओची वायर, म्हणजे फोनच्या ग्राउंडमधून तुमचं व्हर्च्युअल ग्राउंड सरळ निगेटिव्हला शॉर्ट. चार्ज करताना ऐकायचं नाही, विषय संपला.

दोन नऊ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर खरं प्लस-मायनस बनवणाऱ्यांनी दोन्ही एकाच वेळी, एकाच पाकिटातल्या घ्याव्यात. एक आधी संपली तर आउटपुटवर डीसी येऊन हेडफोनची कॉइल जळू शकते, म्हणून एक पडली की दोन्ही तोडणारं सर्किट लावा, नाहीतर एकच बॅटरी आणि व्हर्च्युअल ग्राउंड बरं. आणि सुटी नऊ व्होल्टची बॅटरी किल्ल्या-चिल्लरसोबत खिशात टाकू नका, दोन्ही टोकं एकाच बाजूला आहेत, शॉर्ट झाली की खिसा तापतो, टोकांवर चिकटपट्टी मारा. कार्बनवाली अ‍ॅम्पमध्ये ठेवून विसरलात तर ती पाझरून स्नॅप हिरवा करते, ते वेगळंच.

राहिला स्नॅप, बॅटरीला बसणारं ते टोपण. बाजारातलं रेग्झिनचं मऊ टोपण थोड्याच दिवसांत सैल होतं आणि चालता चालता खरखर सुरू होते. मेलेल्या नऊ व्होल्टच्या बॅटरीचा वरचा कडक टोकांचा तुकडा काढून तो वापरा, मस्त घट्ट बसतो. फक्त सोल्डर करताना लक्षात ठेवा, जुन्या बॅटरीवर जे टोक निगेटिव्ह होतं तेच आता नव्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर बसतं, म्हणून लाल वायर तिकडे. आणि अ‍ॅम्पला जोडायच्या आधी बॅटरी लावून दोन वायरींवर मीटर धरा, लालकडे प्लस आला तरच पुढे.